सिंहस्थाच्या कामांत देखभालीचा खर्च आधी लिहा

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

सिंहस्थाच्या कामांच्या बातम्या आपल्या दैनिकात रोज वाचते. घाट, पूल, मलनिस्सारण केंद्रे, रस्ते, कोटींचे आकडे, काम पूर्ण करायची तारीख. एक गोष्ट मात्र बहुतेक बातम्यांत सापडत नाही: काम झाल्यावर ते चालवणार कोण, त्याचा पैसा अंदाजपत्रकातल्या कोणत्या लेखाशीर्षातून, म्हणजे खर्चाच्या सदरातून, येणार, आणि भर पावसात मध्यरात्री तिथे कोणाची पाळी असणार. माझी सगळी नोकरी या प्रश्नाशी झगडण्यात गेली, म्हणून हे पत्र.

मी मूळची पंचवटीतली. यांत्रिकी अभियंता म्हणून समुद्रकाठच्या एका महापालिकेत पर्जन्य जलवाहिन्यांच्या कामावर होते. निवृत्तीनंतर पुन्हा नाशिकला राहायला आले. आमचे काम थोडक्यात असे. समुद्राला दिवसातून दोनदा भरती येते. भरतीची पातळी नाल्याच्या मुखापेक्षा वर चढली की शहरातले पाणी बाहेर पडायचे थांबते आणि समुद्रच उलटा आत शिरू लागतो. म्हणून मुखाशी दरवाजे बसवायचे, आणि दरवाजे बंद असताना आत साचणारे पावसाचे पाणी पंपाने उचलून समुद्रात टाकायचे. भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले की सगळी भिस्त त्या पंपांवर.

मुंबईने या कामाचा आराखडा १९९३ मध्ये करून घेतला. १९८५ च्या पुरानंतर हालचाल सुरू झाली होती. जुन्या वाहिन्या ताशी २५ मिलिमीटर पाऊस वाहून नेण्यापुरत्या होत्या. त्या ५० मिलिमीटरपर्यंत न्यायच्या आणि आठ ठिकाणी पंपिंग स्टेशने उभारायची, असा ‘ब्रिमस्टोवॅड’ नावाच्या या आराखड्याचा सल्ला होता. त्यानंतर बारा वर्षे कामाला वेग आलाच नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, शेकडो माणसे गेली, डॉ. माधवराव चितळे यांची सत्यशोधन समिती नेमली गेली, तेव्हा कुठे पैसा आला. मग हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड, ब्रिटानिया आणि गझदरबंध अशी सहा स्टेशने एकामागून एक उभी राहिली. मोगरा आणि माहुल ही दोन मात्र वर्षानुवर्षे अडकून पडली. अडचण पैशाची नव्हती, पंपांचीही नव्हती. जागा हातात नव्हती. ज्याला प्रकल्प हाकायचे आहेत त्याने निविदा काढण्याआधी सातबारा पाहावा, हे मी तिथून शिकले.

आणि तोवर पाऊस बदलला. तासाला ५० मिलिमीटर हा १९९३ चा हिशेब. आता मुंबईत एखाद्या तासात त्याहून बराच जास्त पाऊस पडल्याचे दर पावसाळ्यात ऐकायला मिळते. म्हणजे वाहिनी बांधून पूर्ण होते तेव्हा ती आधीच अपुरी ठरलेली असते. २०२२ मध्ये मुंबईने हवामान कृती आराखडा जाहीर केला, त्यात पुराचा विचार आहे. त्याच सुमारास हिंदमाता परिसराचे पाणी परळ आणि दादरमधल्या मैदानांखाली मोठ्या टाक्या बांधून त्यात साठवायला सुरुवात झाली. भरतीच्या वेळी पाणी टाकीत, ओहोटी लागली की बाहेर. मला हा उपाय मनापासून पटतो. पाणी दरवेळी ढकलत बसण्यापेक्षा काही तास थोपवून धरणे पुष्कळदा स्वस्त पडते. पण टाकी काय किंवा पंप काय, चालवायला माणूस लागतोच.

माझ्या डोळ्यांसमोरची गोष्ट सांगते. आमच्याकडचे एक स्टेशन बांधून झाले. बांधकाम एका विभागाचे, पंप आमचे, वीज तिसऱ्याची. फीत कापली गेली, फोटो छापून आले. वाढीव वीजभार मात्र मंजूर झालेला नव्हता, त्यामुळे पहिला पावसाळा भाड्याच्या जनरेटरवर काढायचा ठरला. जनरेटरला डिझेल लागते. मूळ अंदाजपत्रकात डिझेलची तरतूदच नव्हती, कारण अंदाजपत्रक स्टेशन बांधण्याचे होते, चालवण्याचे नव्हते. पुरवठादाराचे मागचे बिल लेखा विभागात अडकलेले. जुलैतल्या एका शनिवारी दुपारपासून पाऊस लागला, रात्री मोठी भरती, आणि डिझेलचा टँकर यायला तयार नाही. आमच्या कनिष्ठ अभियंत्याने स्वतःच्या शब्दावर जवळच्या पेट्रोलपंपावरून उधारीत कॅन आणले, म्हणून त्या रात्री खालची वस्ती बुडाली नाही. त्या उधारीच्या पैशांची फाइल पुढे कितीतरी महिने या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिली. काहीशे कोटींच्या कामाची सुरक्षितता एका तरुण मुलाच्या उधारीवर उभी होती. मला आजही त्याचा संताप येतो.

दुसरी गोष्ट जाळीची. पंपासमोर कचरा अडवायला लोखंडी गजांची जाळी असते. पहिल्या जोराच्या पावसात नाला वर्षभराचा कचरा घेऊन येतो: थर्माकोल, पिशव्या, चपला, गाद्या, एकदा तर अख्खा सोफा. जाळी तुंबली की पंपाला पाणी मिळत नाही. सेकंदाला सहा हजार लिटर पाणी उचलणारा पंप अर्धपोटी फिरू लागला की त्याची घरघर कोरडी, बारीक होते आणि पायाखालच्या लादीला वेगळीच थरथर जाणवते. आमचा एक मुकादम नुसता दारात उभा राहून सांगायचा, “मॅडम, तीन नंबरची जाळी भरली.” पडद्यावरचा आकडा लाल व्हायच्या आधी. आकडी घेऊन त्याची माणसे कमरेला दोर बांधून जाळीवर उतरलेली असत. हा माणूस कंत्राटी होता. दरवर्षी मनुष्यबळाची नवी निविदा निघायची. एका वर्षी ठेकेदार बदलला आणि मुकादम गेला. नव्या टोळीला कोणता दरवाजा अर्ध्यावर अडतो, कोणती साखळी हाताने ओढावी लागते, हे काहीच ठाऊक नव्हते. कागदावर मात्र माणसांची संख्या तेवढीच होती.

आता नाशिककडे येते. आपल्याला समुद्र नाही, पण गोदावरीचा पूर गावातल्या नाल्यांच्या बाबतीत भरतीचेच काम करतो. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला, गोदावरी फुगली, की सरस्वती नाल्याचे पाणी नदीत जायचे कसे? ते मागे रेटले जाते आणि सराफ बाजार, दहीपूल, भांडी बाजारात चढते. तिथले दुकानदार पावसाचा रंग पाहून माल वरच्या फळ्यांवर हलवतात. दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला, कमरेला, छातीला पाणी लागले यावर पूर मोजणारे आपले गाव. १९६९, २००८, २०१६, २०१९ ही वर्षे जुन्या नाशिकमध्ये कोणालाही विचारा, कोणत्या पायरीपर्यंत पाणी आले ते हात लावून दाखवतील.

समुद्रकाठच्या अभियंत्याला एक सोय असते: भरतीचे वेळापत्रक वर्षभर आधी छापून मिळते. गोदावरीचे तसे नाही. धरणाचा विसर्ग हा त्यातला एक भाग. धरणाच्या खाली नासर्डी, वाघाडी आणि गावातले नाले आपापले पाणी आणतात, तेही त्याच तासाला. म्हणून इथे निरोपाची साखळी दरवाजाइतकीच महत्त्वाची आहे. पाटबंधारे खात्याने विसर्ग वाढवायचे ठरवले की महापालिकेत कोणाला फोन जातो, तो माणूस पुढे कोणाला सांगतो, आणि घाटावरचे दुकानदार, पुजारी, फिरस्ते यांना उठवायला किती मिनिटे मिळतात? सुरतेने ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणाच्या विसर्गाने काय होते ते भोगले. खाली समुद्र, वर धरण, मधे शहर. आपल्याकडे समुद्र नसला तरी वरची बाजू तीच आहे.

होळकर पुलाखाली यांत्रिक दरवाजे बसवण्याचे काम स्मार्ट सिटी योजनेतून हाती घेण्यात आले. एरवी पाणी अडवायचे, पुरात मोकळे सोडायचे, हा हेतू चांगलाच आहे. पण दरवाजा ही वस्तू वापरात राहिली तरच दरवाजा राहते. गाळ उंबऱ्यावर बसतो, रबरी पट्टी उन्हाने तडकते, गिअरमधले ग्रीस वाळते. आणि आपल्या गोदावरीत पानवेली आहेत. पुराच्या पहिल्या लोंढ्याबरोबर पानवेलींचा गालिचा येऊन दरवाजावर बसला तर मोटरला तो पेलवेल का, याची चाचणी कोरड्या पात्रात होत नाही. ती पाण्यात करावी लागते आणि मे महिना संपायच्या आत करावी लागते.

यावर अधिकाऱ्यांचे उत्तर मला माहीत आहे, कारण तेच उत्तर फाइलवर लिहिलेले मी स्वतः वाचले आहे: सिंहस्थाचा निधी भांडवली कामांसाठी आहे, देखभालीला वापरता येत नाही. ठीक आहे. मग निविदेतच मार्ग काढा. जो ठेकेदार दरवाजा किंवा पंप बसवेल त्यानेच पुढची किमान दहा वर्षे तो चालवायचा, त्या वर्षांचा दर निविदेतच भरायचा, आणि कमीत कमी दराची तुलना बांधकाम आणि चालवणे या दोन्हींचा खर्च मिळून करायची. नुसत्या बांधकामाच्या दरावर काम दिले की स्वस्तातला पंप येतो आणि महागातली दुरुस्ती. बिलाचा शेवटचा हप्ता दोन पावसाळे पार पडल्यावरच द्या. दोष दायित्वाचा काळ, म्हणजे दोष निघाल्यास ठेकेदाराने तो दुरुस्त करून देण्याची मुदत, काम पूर्ण झाल्याच्या दाखल्यापासून मोजतात, तो पहिल्या पुरापासून मोजावा असे मला प्रामाणिकपणे वाटते, कारण कोरड्या वर्षात कोणताच दोष दिसत नाही. आणि दहा वर्षांच्या चालवण्याच्या खर्चासाठी महापालिकेने आपल्या अंदाजपत्रकात आजच वेगळे लेखाशीर्ष उघडावे. सिंहस्थ संपला, साधू-महंत गेले, की या कामांना वाली उरत नाही, हा धोका सर्वांत मोठा आहे.

दरवाजे आणि पंप चालवणारी मुख्य माणसे कायम सेवेतली असावीत. सगळी नकोत, पण प्रत्येक पाळीत एक तरी असा हवा ज्याने मागचे चार पावसाळे तिथे काढले आहेत.

रामकुंड परिसरातल्या काँक्रिटवर पुष्कळ बोलून झाले आहे, त्यात शिरत नाही. एवढेच म्हणते की निळ्या पूररेषेच्या आत, म्हणजे पुराच्या पाण्यासाठी मोकळ्या ठेवायच्या पट्ट्यात, नवे पक्के बांधकाम हा नदीची जागा घेण्याचा प्रकार आहे, आणि नदी आपली जागा परत मागते तेव्हा सगळा भार पुन्हा याच दरवाजांवर येतो.

अमृतस्नाने ऑगस्ट-सप्टेंबर २०२७ मध्ये, म्हणजे ऐन पावसाळ्यात आहेत. लाखो माणसे पाण्यात उभी असताना वरून विसर्ग वाढवायची वेळ आली तर निर्णय कोणाचा? पाटबंधारे, महापालिका, पोलीस आणि आता कुंभमेळा प्राधिकरण, अशी चार कार्यालये आहेत. चौघांनी मिळून एक हुकूम काढावा, त्यावर एका पदाचे नाव असावे, आणि त्याची रंगीत तालीम येत्या पावसाळ्यातच खऱ्या विसर्गावर व्हावी.

माझी महापालिका आयुक्तांना विनंती आहे की गोदाकाठचा प्रत्येक दरवाजा, पंप आणि पाणीपातळी मोजणारे प्रत्येक यंत्र यांची एक यादी ३१ मेपूर्वी प्रसिद्ध करावी. यादीत जबाबदार अधिकाऱ्याचे पद, रात्रपाळीचा क्रमांक, शेवटच्या चाचणीची तारीख आणि वर्षाची देखभालीची तरतूद असावी. आपल्या दैनिकाने ती यादी छापावी आणि आपल्या वार्ताहराने चाचणीच्या दिवशी तिथे उभे राहून दरवाजा उघडायला किती मिनिटे लागली ते लिहावे. मलाही बोलावले तर मी येईन.

आपली,
एक निवृत्त महापालिका अभियंता,
पंचवटी, नाशिक