बिशप सर, अण्णांना नाव सांगितल्याबद्दल थँक यू

इयान बिशप सर, नमस्कार.

हे तुमच्यापर्यंत पोचेल असं काही नाही, पण गेल्या आठवड्यात टीव्हीवर मॅचच्या कॉमेंट्रीत तुमचा आवाज आला आणि अण्णा "आला आपला माणूस" म्हणत खुर्ची पुढे ओढून बसले, तेव्हापासून हे लिहायचं डोक्यात होतं.

अण्णा म्हणजे माझे वडील, एसटीत कंडक्टर होते. काचबिंदूने त्यांची नजर गेली. आधी ज्यांना दाखवलं त्यांनी दोन वर्षं नुसते चष्म्याचे नंबर बदलून दिले, जाऊ दे तो विषय. २०१६ पर्यंत अशी गत झालेली की टीव्हीसमोर बसलं तरी एक हिरवा पट्टा दिसायचा आणि त्यात काहीतरी हलतंय एवढंच. रेडिओवर बाळ पंडितांची मराठी कॉमेंट्री ऐकत मोठा झालेला माणूस, त्यामुळे त्यांना वाटलं नजर गेली तर गेली, कान आहेत की.

कुठलं काय. चॅनेल लावलं की तिघं जण मिळून गप्पा मारतायत, कुणी काल काय खाल्लं ते सांगतोय, कुणी स्वतःच्या जुन्या मॅचचा किस्सा, मध्येच एखादा शेर, आणि चार चार ओव्हर गेल्या तरी स्कोअर कुणी सांगत नाही, कारण तो खाली दिसतोच ना! ज्याला दिसत नाही त्याने काय करायचं? अण्णा दर दोन मिनिटांनी मला विचारायचे, "किती झाले रे?" आणि मी मोबाईलमध्ये असलो की वैतागायचो. ते आठवलं की अजून गलबलून येतं.

मग ३ एप्रिल २०१६, ईडन गार्डन्स, टी-ट्वेंटी वर्ल्ड कपची फायनल. तीनच दिवस आधी वानखेडेवर वेस्ट इंडीजने आपल्याला सेमीफायनलला हरवलेलं म्हणून अण्णा रुसलेले, तरी लावायला सांगितली, इंग्लिशच लावली. शेवटच्या ओव्हरला वेस्ट इंडीजला १९ हवे होते, समोर बॉलिंगला इंग्लंडचा स्टोक्स. पहिला सिक्स लेग साइडला, लगेच दुसरा, तिसरा, प्रत्येक वेळी पब्लिकचा आवाज ऐकून अण्णा विचारतायत, "कोण मारतोय? अरे कोण?" आणि मी आ वासून उभा, उत्तर द्यायचं भानच नाही.

चौथ्या सिक्सला तुम्ही उत्तर दिलंत. कार्लोस ब्रेथवेट! कार्लोस ब्रेथवेट! रिमेंबर द नेम!

अण्णांचं इंग्लिश सातवीपर्यंतचं, पण एवढं त्यांना पक्कं कळलं. हात वर करून त्यांनी मला गप्प केलं आणि हळूच, तिकिटावरचं स्टेशन वाचावं तसं म्हणाले, "कार्लोस. ब्रेथवेट." त्या रात्री त्यांना ते नाव मी नाही सांगितलं, तुम्ही सांगितलंत. दुसऱ्या बाजूला सॅम्युअल्स ८५ वर नाबाद होता, तरी १० बॉलमध्ये ३४ मारणाऱ्या त्या नवख्या पोराचं नाव तुम्ही दोनदा घेतलंत.

नंतर तुमच्याबद्दल वाचलं. वेस्ट इंडीजचे फास्ट बॉलर, ४३ टेस्ट, १६१ विकेट, आणि पाठीच्या दुखापतीने करिअर अर्ध्यावर आलं. एवढं सगळं सोसलेला माणूस माइकवर स्वतःचं रडगाणं गाऊ शकला असता, पण तुम्ही समोरच्या खेळाडूबद्दलच बोलता, आणि एखादा फास्ट बॉलर पाठ धरून थांबला की तुमचा आवाज खाली येतो, हे अण्णांनी मला दाखवून दिलं. ऑस्ट्रेलियाचे जुने कॉमेंटेटर रिची बेनॉ म्हणायचे की चित्रात भर घालता येणार असेल तरच बोला. मला वाटायचं की अण्णांसारख्यांना हे चालणार नाही, त्यांना चित्रच नाही. पण अण्णांना तुमचं गप्प राहणंही आवडतं, त्यात बॅटचा आवाज येतो, पब्लिक येतं, बॉल कुठे गेला असेल याचा अंदाज बांधता येतो. त्यांना त्रास होतो तो नुसत्या बडबडीचा. वर्षानुवर्षं माणूस ऐकावासा वाटतो तो यामुळेच, घरात बसलेल्याचा त्याला विसर पडत नाही.

ब्रेथवेटने पुढे मुलीचं नाव ईडन ठेवलं, हे अण्णांना सांगितलं तर कितीतरी वेळ हसत होते. तुमची मॅच असली की आता मी मोबाईल आत ठेवतो आणि त्यांच्या शेजारी बसतो. तरी विचारतातच, "किती झाले रे?" मी सांगतो.