मेहली मेहता सरांना पत्र

आदरणीय मेहली सर,
सादर नमस्कार.

तुम्हाला जाऊन वीस वर्षं उलटली आणि आपली भेट कधी झालीच नाही. तरी आभार मानायचे राहून गेले असं वाटत होतं. मी ठाण्यात मुलांना व्हायोलिन शिकवते. ज्याचा त्याचा एकट्यानं रियाज करणाऱ्या या मुलांना एकत्र बसवून वाजवायला लावायचं बळ मला, व्हायोलिन वाजवण्यात आणि ऑर्केस्ट्रा घडवण्यात गेलेल्या तुमच्या आयुष्याकडे बघून आलं.

आमच्याकडे व्हायोलिन म्हणजे मांडी घालून बसलेला एक वादक, साथीला तबला, मागे तानपुरा. मीही तशीच शिकले आणि त्या शिक्षणावर माझा फार जीव आहे. पण शेजाऱ्याच्या गजाबरोबर आपला गज फिरवणं, समोरचं नोटेशन (लिहिलेले सूर) वाचताना, सगळ्यांना हातानं ताल दाखवणाऱ्या कॉन्डक्टरच्या हातावर नजर ठेवणं, आपली जागा येईपर्यंत बार (मात्रांचे ठरावीक गट) मोजत थांबणं आणि नेमक्या मात्रेला शिरणं, हे घरात दार लावून कितीही घासलं तरी येत नाही. त्याला माणसं लागतात.

मुंबईत ती माणसं तुम्ही गोळा केलीत. १९३५ मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा हा पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताचा मोठा वाद्यवृंद उभा केलात. हॉटेलांच्या बँडमध्ये आणि सिनेमाच्या रेकॉर्डिंगला वाजवून पोट भरणारे गोव्याचे वादक, युरोपातून आलेले संगीतकार, हौसेनं वाजवणारी मंडळी, या सगळ्यांना मोझार्ट-बीथोव्हेनसाठी एका जागी आणणं किती जिकिरीचं असेल, हे दहा मुलांची रविवारची तालीम जमवताना मला थोडंफार कळतं. मुंबईत पूर्णवेळ पगारी सिम्फनी ऑर्केस्ट्रा यायला २००६ साल उजाडलं. तुम्ही त्याच्या सात दशकं आधी सुरुवात केली होतीत.

आणि तरीही १९४५ मध्ये तुम्ही व्हायोलिनचे नामवंत गुरू इव्हान गॅलेमियन यांच्याकडे शिकायला न्यूयॉर्कला गेलात. तिशी उलटून गेली होती, स्वतःचा ऑर्केस्ट्रा होता, घरी दोन लहान मुलं होती. १९५५ मध्ये मँचेस्टरच्या हॅले ऑर्केस्ट्रात कॉन्डक्टर सर जॉन बार्बिरोली यांच्या हाताखाली वाजवू लागलात. आपल्या शहरात ऑर्केस्ट्रा स्थापन करणारा माणूस दुसऱ्याच्या ऑर्केस्ट्रात वादक म्हणून बसतो, यातली विद्यार्थीवृत्ती मला तुमच्या सगळ्या मानसन्मानांपेक्षा मोठी वाटते. पुढे फिलाडेल्फियात कर्टिस क्वार्टेट या चार वादकांच्या गटात वाजवलंत.

१९६४ मध्ये तुम्ही लॉस एंजेलिसला आलात, तेव्हा तुमचे चिरंजीव झुबिन तिथल्या फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्राचे संगीत दिग्दर्शक, म्हणजे मुख्य कॉन्डक्टर, होते. तुमची ओळख बहुतेक जण ‘झुबिनचे वडील’ अशी करून देतात, ते मला अपुरं वाटतं. तुम्ही कॅलिफोर्निया विद्यापीठात, यूसीएलएला, विद्यार्थ्यांचा ऑर्केस्ट्रा हाती घेतलात आणि त्याच वर्षी तरुण वादकांसाठी वेगळा ऑर्केस्ट्रा सुरू केलात. तोच पुढे अमेरिकन यूथ सिम्फनी म्हणून नावारूपाला आला. विद्यापीठातून निवृत्त झाल्यावरही तो सोडला नाहीत. थेट १९९८ पर्यंत, नव्वदीच्या उंबरठ्यावर येईपर्यंत, तुम्ही त्या मुलांसमोर उभे होतात. यूसीएलएच्या रॉयस हॉलमधले त्यांचे कार्यक्रम लोकांना विनामूल्य ऐकता येत. तिथून बाहेर पडलेले वादक मोठमोठ्या ऑर्केस्ट्रांमध्ये जाऊन बसले.

२०२४ मध्ये अमेरिकन यूथ सिम्फनी बंद होत असल्याची बातमी वाचली आणि फार वाईट वाटलं. हे पत्र लिहायला तेव्हाच घेतलं. ज्या संस्थेनं साठ वर्षं मुलांना एकत्र वाजवायला शिकवलं, तिचं ऋण तिच्यात कधी पाऊल न ठेवलेल्या माझ्यासारखीवरही आहे, हे कुठेतरी नोंदलं जावं असं वाटलं.

आमच्या रविवारच्या तालमीला मी फी घेत नाही, ते तुमच्याकडूनच उचललं. सध्या मोझार्टची ‘आइने क्लाइने नाख्टमुझिक’ ही रचना बसवतो आहोत. दुसऱ्या व्हायोलिनला, म्हणजे मुख्य सुरावटीला बहुतेक साथ देणाऱ्या गटात, बसायला आधी कुणी तयार नसे. आता आमची सगळ्यात तयारीची मुलगी आपणहून तिथे बसते आणि आतली लय धरून ठेवते.

आणखी एक आभार तुमच्या पत्नी तेहमिनाबाईंचे. तुम्ही न्यूयॉर्कला शिकत होतात ती वर्षं मुंबईत झुबिन आणि झरीन या दोन्ही मुलांना त्यांनी सांभाळलं. त्यांच्याविषयी फारच कमी लिहिलं गेलं आहे.

तुमची कृतज्ञ,
ठाण्यातली एक व्हायोलिन शिक्षिका