चिमणी उंच, पण मोजपट्टी दहा किलोमीटरची

मा. संपादक,
स. न. वि. वि.

केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने जुलै 2025 मध्ये औष्णिक वीज केंद्रांना दिलेल्या सवलतीबद्दल आमच्या भुसावळकडे फारसं कोणी बोलत नाही, म्हणून हे पत्र.

सल्फर डायऑक्साइडची मर्यादा डिसेंबर 2015 मध्ये आली, मुदत दोन वर्षांची. ती 2022 वर गेली आणि मग सरकत सरकत 2029 पर्यंत. (गृहपाठाला एवढी मुदत मी वर्गात कधी दिली नाही.) आता तर बहुतेक केंद्रांना वायू चुनखडीने धुणारी एफजीडी यंत्रणा बसवण्यातूनच मोकळं केलं आहे. दिल्ली परिसर किंवा दहा लाखांवरच्या शहरापासून दहा किलोमीटरच्या आत असाल तर सक्ती. अतिप्रदूषित भाग किंवा हवेचे निकष न पाळणारं शहर तेवढ्या अंतरात असेल तर प्रत्येक केंद्राचा वेगळा विचार. बाकीच्यांनी चिमणीच्या उंचीचा निकष पाळला की झालं. भुसावळ काही दहा लाखांचं नाही. जळगाव त्या निकष न पाळणाऱ्या शहरांत आहे खरं, पण आमचं औष्णिक वीज केंद्र जिथे आहे त्या दीपनगरपासून दहा किलोमीटरच्या बरंच पलीकडे.

मला अडतं ते इथे. मोठ्या संचांना 275 मीटर उंचीची चिमणी लागते. उंचीने वायू कमी होत नाही, लांब जातो. चिमणी उंच बांधतात ती त्यासाठीच. मग लांब पाठवलेला वायू मोजताना कंपास दहा किलोमीटरवरच का थांबतो? यावल-रावेरच्या केळीबागा आणि तिथली माणसं कोणत्या वर्तुळात धरायची?

आपल्या कोळशात गंधक कमी, असं सरकार म्हणतं. ते खरंच आहे. पण 500 मेगावॉटचा संच पूर्ण भाराने चालला तर दिवसाला साधारण सात हजार टन कोळसा जाळतो. गंधक अर्धा टक्का धरा: 35 टन. जळल्यावर वजन दुप्पट, म्हणजे एका संचातून रोज 70 टन सल्फर डायऑक्साइड. आठवीतली मुलंही हे गणित सोडवतील. घराच्या धाब्यावर वाळत घातलेल्या बिबड्यांवर (ज्वारीच्या पापडांवर) काजळी बसली तर दिसते तरी (ती वीटभट्टीची की आणखी कशाची, मी छातीठोक सांगणार नाही). हा वायू दिसत नाही, आणि हवेतच त्याचे सूक्ष्म सल्फेट कण होऊन छातीत जातात.

धुळीच्या कणांची मर्यादा या सवलतीतही कायम आहे, हे मान्य. पण चिमणीवर अखंड मोजणारी यंत्रं असतातच, तर त्यांचे रोजचे आकडे, संचवार, मराठीत, फेकरी आणि वेल्हाळ्याच्या ग्रामपंचायतीसमोर व भुसावळ नगरपरिषदेच्या फलकावर लावा. हिवाळ्यात तर नक्कीच, कारण थंड रात्री धूर खालीच दबून राहतो. आणि रावेर मतदारसंघाच्या खासदारांनी दहा किलोमीटरच्या वर्तुळाचा शास्त्रीय आधार संसदेत विचारावा.

यंत्रणा बसवली तर वीज महागेल, असंही सांगतात. युनिटमागे किती पैसे, ते सांगा. द्यायचे की नाही ते आम्ही ठरवू.

– एक निवृत्त विज्ञान शिक्षिका, भुसावळ