महिन्यातून एक रविवार आम्हालाही हवा

प्रति,
माननीय कामगारमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

मंत्रिमहोदय,
सादर नमस्कार.

मी पुण्यात साड्यांच्या एका दुकानात गेली सतरा वर्षं काम करते. आधी ड्रेस मटेरियलच्या काउंटरला होते, आता काठपदराच्या गादीवर असते. माझा नवरा भोसरी एमआयडीसीत कामाला आहे, मुलगी सातवीत शिकते, सासूबाई घरी असतात. हे पत्र पगारासाठी नाही. पगाराचं गाऱ्हाणं आहेच, पण ते पुन्हा कधीतरी. आज लिहिते आहे ते रविवारासाठी.

आमच्या घरात तिघांच्या तीन सुट्ट्या आहेत. मला सोमवार, नवऱ्याला गुरुवार, मुलीला रविवार. विजेच्या हिशोबानं तिकडच्या कारखान्यांची सुट्टी पूर्वीपासून गुरुवारी आहे, त्याला तो काय करणार? सोमवारी मी घरी असते तेव्हा घर रिकामं असतं. धुणं, दळण, रेशन, बँक, सासूबाईंचा दवाखाना यात दिवस जातो. पाच वाजता मुलगी शाळेतून येते, दप्तर टाकते, सहाच्या क्लासला पळते. गुरुवारी नवरा एकटा टीव्हीसमोर बसून जेवतो. आणि रविवारी, मुलीला आई-वडील हवे असतात त्या दिवशी, मी साडेनऊला दुकानात हजर असते. नवराही बहुतेक पाळीवर असतो.

तुम्हाला एक घरगुती गोष्ट सांगते. लहान वाटेल, पण तीच सांगावीशी वाटते. आमच्याकडे सोमवारी आणि गुरुवारी मटण शिजत नाही. सोमवार महादेवाचा, गुरुवार दत्ताचा. म्हणजे माझ्या सुट्टीला चालत नाही आणि त्याच्याही सुट्टीला चालत नाही. अख्खं पुणं रविवारी सकाळी मटणाच्या दुकानापुढं रांग लावतं, आमच्या घरी मात्र मटण रविवारी रात्री. सासूबाई संध्याकाळी रस्सा करून ठेवतात. मी साडेदहाला घरात पाऊल टाकते तोवर मुलगी जेवून झोपलेली असते. तिच्या वाटणीच्या नळीच्या हाडातला अर्धा तुकडा तिनं माझ्यासाठी वाटीत झाकून ठेवलेला असतो.

रविवारी दुकानात काय असतं ते आपण गिऱ्हाईक म्हणून पाहिलं असेल. लग्नाचा बस्ता बांधायला लोक रविवारीच येतात, कारण त्या दिवशी दोन्हीकडची मंडळी मोकळी असतात. नवरी, तिची आई, आत्या, मावशी, सासरचे चौघं-सहा जण, कडेवर एखादं पोर. आधी शालू, मग पैठणी, मग मानापानाच्या, मग आहेराच्या. एक साडी पसंत पडायला तीस-चाळीस घड्या मोडाव्या लागतात. पदर खांद्यावर टाकून दाखवायचा, काठ उजेडात धरायचा, "ताई, हा रंग तुम्हाला खुलतो" म्हणायचं. दुपारचा डबा चार वाजता गोडाऊनमध्ये उभ्या-उभ्या खायचा. शेवटचं गिऱ्हाईक साडेनवाला उठतं आणि त्यानंतर मोडलेल्या सगळ्या घड्या परत घालायच्या. मला या कामाची लाज नाही. उलट आवड आहे. एखादी मुलगी आरशात स्वतःला पहिल्यांदा शालूत बघते आणि गप्प होते, तो क्षण मी शेकडो वेळा पाहिला आहे.

पण त्या घरांचे रविवार मी बघते, माझ्या घरचा मला दिसत नाही. गेल्या उन्हाळ्यात माझ्या धाकट्या नणंदेची साडी मीच काढून दिली होती. हिरवीगार, बारीक सोनेरी बुट्टीची, डोहाळजेवणासाठी. कार्यक्रम रविवारी होता. मी ती साडी अंगावर पाहिली ती मोबाइलवर, दोन गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात. सुट्टी मागितली नव्हती असं नाही. आमच्याकडे रविवारचा एक खाडा दोन दिवसांचा धरतात. महिन्याच्या शेवटी दोन दिवसांचा पगार कापला गेला की गॅस सिलेंडरचे पैसे जातात. उचल घ्यावी तर मागचीच फिटलेली नसते.

आमचे मालक वाईट नाहीत. रविवारी तेही गल्ल्यावर असतात, आणि त्यांचा मुलगा "मला हे दुकान नको" असं उघड सांगतो, ते याच कारणानं. मॉलवाले, ऑनलाइनवाले कधीच बंद नसतात, मग आपण एक दिवस बंद ठेवला तर गिऱ्हाईक कायमचं जाईल ही त्यांची भीती खोटी नाही.

आमच्यातले सर्वांत जुने काका चाळीस वर्षांपासून या पेठेत आहेत. ते सांगतात, पूर्वी सोमवारी अख्खी बाजारपेठ बंद असायची. १९४८ चा दुकानांचा कायदा होता, ज्याला आपण सगळे गुमास्ता कायदा म्हणायचो. दुकान आठवड्यातून एक दिवस बंद ठेवणं त्यात सक्तीचं होतं. एकच नोकर असलेला दुकानदारही त्यातून सुटत नसे. वार रविवार नसला तरी शेजारच्या दहा दुकानांतली पोरं एकाच दिवशी मोकळी असायची. ती मिळून सिंहगडावर जायची, कुणाच्या लग्नाला, कुणाच्या मयताला जायची. एकाचं शटर खाली आणि दुसऱ्याचं वर असं नव्हतं, म्हणून धंदा जाण्याची भीतीही नव्हती.

मग २०१७ चा नवा कायदा आला आणि १९ डिसेंबर २०१७ पासून लागू झाला. आमच्या सोसायटीत वकिली शिकणारी एक मुलगी आहे, तिच्या शेजारी बसून मी तो वाचून घेतला. दुकान वर्षाचे सगळे दिवस उघडं ठेवता येईल, मात्र प्रत्येक कामगाराला आठवड्यातून सलग चोवीस तास विश्रांती मिळाली पाहिजे, असं त्यात आहे. वाचायला बरं वाटतं. पण वार कोणता, हे कायदा सांगत नाही. आणि हा कायदा दहा किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनांसाठी. त्याहून लहान दुकानानं फक्त ऑनलाइन कळवायचं.

आता सप्टेंबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळानं त्यात बदल मंजूर केला. दहाची अट वीसवर नेली आणि रोजचे कामाचे तास नऊवरून दहा केले. ऑक्टोबरात शासन निर्णय निघाला की दारूची दुकानं, बार वगैरे सोडून बाकी दुकानं चोवीस तास उघडी ठेवता येतील. त्यातही कामगाराच्या चोवीस तासांच्या साप्ताहिक सुट्टीचा उल्लेख आहे, हे मी मुद्दाम लिहिते, कारण मला कुणावर अन्याय करायचा नाही.

पण साहेब, आमच्या दुकानात मालक सोडून चौदा माणसं आहेत. दहाची अट होती तेव्हा आम्ही कायद्याच्या आत होतो. वीसच्या अटीनं आम्ही बाहेर. आमच्या रस्त्यावर वीस माणसं कामाला ठेवणारी दुकानं बोटावर मोजण्याइतकी आहेत. साड्या, भांडी, चपला, स्टेशनरी, मेडिकल अशा बाकीच्या सगळ्या दुकानांत पाच, सात, बारा, पंधरा माणसं. म्हणजे शासन निर्णयात लिहिलेली सुट्टी नेमकी कुणासाठी आहे? मला सोमवार मिळतो तो आता हक्कानं मिळतो की मालकांच्या चांगुलपणानं? उद्या दुकान मुलाच्या किंवा आणखी कुणाच्या हाती गेलं आणि तो म्हणाला "सोमवारीही या", तर मी कोणता कागद दाखवू?

आपल्याच खात्याची परळला श्रम विज्ञान संस्था आहे. तिला नारायण मेघाजी लोखंडे यांचं नाव दिलं आहे. लोखंडे म्हणजे जोतीराव फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक, 'दीनबंधु'चे संपादक. १८८४ मध्ये त्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांची सभा घेतली, साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन तयार केलं आणि त्यात आठवड्याची सुट्टी मागितली, रविवारची. तोवर गिरणीत सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत काम आणि सुट्टी म्हणजे सणावाराची. २४ एप्रिल १८९० ला महालक्ष्मीच्या मैदानावर दहा हजार कामगार जमले होते आणि त्या सभेत दोन कामगार बायकाही बोलल्या. हे वाचून मी बराच वेळ थांबले. त्या काळी, इतक्या गर्दीसमोर, घरचं सगळं सांभाळून गिरणीत राबणाऱ्या दोघी उभ्या राहिल्या. १० जून १८९० ला गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आज सगळा देश जो रविवार उपभोगतो त्याची एक मुळी परळच्या मातीत आहे.

लोखंड्यांनी "सातातला कोणताही एक दिवस द्या, गिरणी चालू ठेवा आणि आम्हाला आळीपाळीनं सोडा" असं म्हटलं नाही, हे माझ्या मनात सारखं येतं. त्यांनी सगळ्यांसाठी एकच वार मागितला. रविवार खंडोबाचा वार. माणसं देवाला जातील, भावकीत जातील, सभेला जातील. एकट्याला मिळालेल्या सुट्टीत माणूस झोपतो किंवा कामं उरकतो. चार माणसं एकाच वेळी मोकळी असली तरच बारसं होतं, भांडण मिटतं, पोरीचं स्थळ बघायला जाता येतं. आमचंही कुलदैवत जेजुरीचं. तिथं रविवारी जाऊन मला किती वर्षं झाली ते आठवत नाही. सोमवती अमावास्या तेवढी माझ्या सुट्टीच्या दिवशी येते. तेव्हा मी आणि सासूबाई एसटीनं जाऊन पालखीचं दर्शन घेतो आणि भंडारा घेऊन येतो. पण नवरा आणि मुलगी त्यात नसतात.

एकदा मात्र आम्ही सगळे घरी होतो. २० नोव्हेंबर २०२४, बुधवार, विधानसभेचं मतदान. सरकारनं भरपगारी सुट्टीचा आदेश काढला, दुकानांनाही. दुकान बंद, कारखाना बंद, शाळा बंद. सकाळी आठला आम्ही रांगेत उभे राहिलो, सासूबाईंना हाताला धरून नेलं. परत येताना नवऱ्यानं मटण आणलं, बुधवार होता ना. दुपारी एक वाजता आम्ही चौघं खाली बसून, मधे पातेलं ठेवून जेवलो. नंतर सगळे हॉलमध्येच चटईवर आडवे झालो. मुलगी माझ्या पोटावर डोकं ठेवून झोपली, इतकी मोठी झाली तरी. मी जागी होते. त्या दिवशी धंदा बुडाला असं कुणी म्हणालं नाही. दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं, गिऱ्हाईक आलं.

शेजारच्या काकूंची मुलगी जर्मनीत, श्टुटगार्टला असते. तिकडं रविवारी दुकानं बंद, दूध-ब्रेड शनिवारीच आणून ठेवायचं. त्यांच्या घटनेतच रविवारची विश्रांती लिहिली आहे, असं ती सांगते. तो देश काही त्यामुळं गरीब झालेला नाही. तरी मी आपल्याकडे रविवारी दुकानं बंद करा असं म्हणत नाही. आमची गिऱ्हाइकं माझ्यासारखीच कष्टकरी आहेत, त्यांनाही खरेदीला तोच दिवस आहे. बंद केलं तर पगार आमचाच जाईल.

माझं मागणं एवढंच आहे. दुकानात माणसं किती, यावर साप्ताहिक सुट्टी ठरू नये. दोन नोकर असोत की दोनशे, चोवीस तासांची भरपगारी सुट्टी सगळ्यांना कायद्यानं मिळावी. तेवढ्यासाठी वीसची अट काढा. नोंदणीची कटकट छोट्या दुकानदाराला नको असेल तर नका लावू, पण सुट्टी ही काही कागदाची कटकट नाही. आणि प्रत्येकाला महिन्यातून किमान एक रविवार मिळावा, आळीपाळीनं, दुप्पट खाडा न लावता. आमचंच गणित करून बघा. चौदा माणसं, चार रविवार. एका रविवारी तीन किंवा चार जण सुट्टीवर, दहा-अकरा जण गादीवर. ऐन लग्नसराईत दोन रविवार पुढंमागं झाले तरी आम्ही सांभाळून घेऊ. सतरा वर्षं दिवाळीत रात्री बारापर्यंत थांबलो आहोत, कुणी तक्रार केली नाही. कोणाचा रविवार कोणता, हे महिन्याच्या सुरुवातीला हजेरीपुस्तकाशेजारी भिंतीवर लिहून लावावं, म्हणजे माणसाला घरी "येते" असा शब्द देता येईल.

हे करायला सरकारी तिजोरीतून पैसा लागत नाही. आपण एकदा एखाद्या रविवारी रात्री नऊनंतर, गाडी लांब ठेवून, कुठल्याही मोठ्या बाजारपेठेतून चालत या. शटर अर्धी खाली ओढलेली असतील. आत दिव्यांच्या उजेडात बायका खाली बसून घड्या घालत असतील. त्यांना फक्त विचारा, घरी कोण वाट बघतंय.

नणंदेला मुलगी झाली. बारसं पुढच्या महिन्यात दुसऱ्या रविवारी ठरलं आहे, आणि बाळाच्या कानात नाव मी, मामीनं सांगावं असा तिचा हट्ट आहे. मालकांना मी अजून विचारलेलं नाही.

आपली नम्र,
साड्यांच्या दुकानातली एक कामगार
पुणे