हाडात बसवलेल्या कृत्रिम पायालाही सरकारी मदत हवी

महोदय,

लोकलखाली मांडीपासून पाय गमावलेला माझा धाकटा भाऊ कळव्याहून रोज ठाण्याला कामाला जातो. कृत्रिम पायाच्या सॉकेटमध्ये, म्हणजे उरलेली मांडी ज्यात बसवतात त्या खोबणीत, घाम साचून दुपारपर्यंत त्याची कातडी सोलवटते. फलाटावरच्या बाकावर बसून पाय काढायचा, मांडी पुसायची आणि पुन्हा चढवायचा, हे मी अनेकदा पाहिले आहे.

मांडीच्या हाडातच टायटॅनियमचा दांडा बसवून त्याला थेट पाय जोडण्याची शस्त्रक्रिया स्वीडनमध्ये १९९० साली झाली, आणि अशा एका प्रणालीला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये पूर्ण मान्यताही दिली. सॉकेट नसल्यामुळे कातडी घासत नाही, शिवाय पायाखालच्या जमिनीची काहीशी जाणीवही होते. दांडा कातडीबाहेर येतो तिथे जंतुसंसर्गाचा धोका मात्र कायम राहतो. म्हणून ही शस्त्रक्रिया सर्वांसाठी नाही, आणि ज्यांच्यावर होईल त्यांना पुढे वर्षानुवर्षे तपासणी लागते.

केंद्राच्या १९८१ पासूनच्या एडिप योजनेतून कृत्रिम अवयव मिळतात, याबद्दल कृतज्ञताच आहे. परंतु ज्यांना सॉकेट सोसतच नाही, अशा निवडक रुग्णांसाठी ही शस्त्रक्रिया, नंतरचा व्यायाम आणि संसर्गावरील उपचार यांचा एकत्रित खर्च शासनाने उचलावा आणि ठाणे-मुंबई परिसरातील एका सरकारी रुग्णालयात त्याची सोय करावी, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, कळवा (ठाणे)