माठ दारात ठेवायचा तर रोज घासायची तयारी हवी

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

उन्हाळा तोंडावर आला आहे. मे महिन्यात सोलापूरचा पारा ४२-४३ अंशांवर जातो, तेव्हाही विड्या घेऊन कारखान्यात निघालेल्या बायका, घंटागाडीवरचे कर्मचारी, पार्सल पोचवणारी मुले भर उन्हात फिरतच असतात. कुणाची कडी वाजवून पाणी मागणे अनेकांना जड जाते. दाराबाहेर, न मागता घेता येईल असे गार पाणी ठेवणे कोणत्याही घराला जमण्यासारखे आहे.

पाडव्याला किंवा अक्षय्य तृतीयेला फीत कापून सुरू झालेल्या कित्येक पाणपोया पंधरवड्यात कोरड्या पडतात. नारळ फोडायला पुष्कळ जण असतात, पण रोज सकाळी माठ घासण्याचे काम कुणाच्याच नावावर नसते. मोठ्या पाणपोईपेक्षा एका घराने एक माठ नीट सांभाळावा, हे केव्हाही बरे.

माठ १५ ते २० लिटरचा, तोटीचा घ्यावा. बाहेरून ऑइलपेंट दिलेला नको. रंगाने मातीची छिद्रे बुजतात, पाणी पाझरत नाही आणि मग गारही होत नाही. नवा माठ रात्रभर पाण्यात बुडवून ठेवावा आणि त्यात भरलेले पहिल्या दोन वेळचे पाणी झाडांना घालावे. आतून साबण कधीच लावू नये, माती तो शोषून घेते आणि पाण्याला वास येतो. काथ्याने नुसते घासले तरी पुरते. तोटीला आतून-बाहेरून रबरी वॉशर हवेत, पण नट जोर लावून आवळला तर माठ तडकतो. तोटीखाली हातभर जागा सोडावी, म्हणजे बाटलीही भरता येते. ठिबकणाऱ्या पाण्यासाठी बादली ठेवावी, नाही तर दारात चिखल होतो.

जागा सावलीची आणि वाऱ्याची हवी. आपली हवा कोरडी असल्याने माठ इथे छान काम करतो. भोवती ओले गोणपाट गुंडाळले तर आणखी गार. वळवाच्या दिवसांत आभाळ भरून येते, हवा दमट होते आणि पाणी कोमट राहू लागते. तेव्हा माठ बिघडला म्हणून बदलायची घाई करू नये. आपल्या जड पाण्याने माठावर पांढरा थर मात्र धरतो, तो बाहेरून वाळूने घासून काढावा.

पाणी रोज येत नसलेल्या शहरात दारातला माठ भरायचा कुठून, ही अडचण खरी आहे. पण एका माठाला दिवसाला बादलीभर पाणी लागते आणि धुण्याचे पाणी कुंड्यांना जाते. गच्चीवरच्या टाकीतले पाणी मात्र भरू नये, घरात पिण्यासाठी साठवलेलेच भरावे. चार दिवस साठलेल्या पाण्यातला क्लोरीन उडून गेलेला असतो. म्हणून बाटलीवर दिलेल्या प्रमाणात क्लोरीनचे थेंब टाकून अर्धा तास थांबावे. आदल्या दिवशीचे उरलेले पाणी ओतून द्यावे, त्यात भर घालू नये. झाकण घट्ट हवे. साखळीला बांधलेला एकच पेला सगळे तोंडाला लावतात. त्यापेक्षा तीन-चार स्टीलचे पेले ठेवून ते दुपारी एकदा घासावेत. पाटीवर नुसते पेल्याचे चित्र काढले तर मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणाऱ्या सगळ्यांना कळते.

पाखरांसाठी पसरट, दोन बोटे खोलीचे मातीचे भांडे घ्यावे आणि उभे राहायला त्यात एक दगड ठेवावा. इथे चूक होते ती नुसते पाणी बदलण्याची. डेंग्यूच्या डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात, पाणी ओतले तरी ती तशीच राहतात. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून काठ खरवडून घासावा आणि आठवड्यातून एकदा भांडे कडक उन्हात वाळवावे.

दारात कुणाला चक्कर आली तर सावलीत बसवून, शुद्धीत असल्यास थोडे थोडे पाणी द्यावे. ओआरएसचे पाकीट घरात नसेल तर १ लिटर पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालावे. माणूस बरळत असेल, अंग भट्टीसारखे तापले असेल तर लगेच १०८ला फोन करावा. गाडी येईपर्यंत अंगावर पाणी शिंपडून वारा घालावा, मानेला आणि काखेत ओली फडकी ठेवावीत. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी ओतू नये, ते श्वासनलिकेत जाते. धावपळीत हीच चूक सर्वांत जास्त होते.

मृगाचा पाऊस सुरू झाला की माठ रिकामा करून, पुरता वाळवून पालथा ठेवावा. ओलाच झाकून ठेवला तर बुरशी धरते आणि पुढच्या उन्हाळ्यात तो वास काही केल्या जात नाही.

आपला,
एक वाचक, सोलापूर