यशाचा टक्का कशाला भागून काढला?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात आपल्या आरोग्य पुरवणीत ‘नव्या तंत्राने आयव्हीएफचे यश दुपटीवर’ अशा मथळ्याचा लेख वाचला. (आयव्हीएफ म्हणजे स्त्रीबीज आणि शुक्रजंतू यांचं मीलन शरीराबाहेर घडवून तयार झालेला भ्रूण गर्भाशयात सोडणं.) लेख उत्साहाने लिहिला आहे, चित्रंही छान आहेत. पण पानभर शोधूनही एक गोष्ट सापडली नाही: ही दुप्पट कशाच्या, आणि ती कशाला भागून काढली? मी आयुष्यभर संख्याशास्त्र शिकवलं. टक्केवारी दिसली की आधी छेद, म्हणजे भागलं कशाला तो आकडा, शोधायचा, ही खोड काही जात नाही. वंध्यत्वाच्या उपचारांइतका छेदाचा घोळ मी दुसऱ्या कुठल्याही विषयात पाहिलेला नाही.

समजा, शंभर जणींनी इंजेक्शनं सुरू केली. काहींची स्त्रीबीजं नीट वाढली नाहीत, काहींची बीजं मिळाली पण भ्रूण तयार झाला नाही, आणि सत्तर जणींच्या गर्भाशयात भ्रूण सोडता आला. त्यांतल्या पस्तीस जणींची रक्ततपासणी पॉझिटिव्ह आली. पुढे काहींचा गर्भ टिकला नाही आणि अखेर चोवीस जणींच्या घरी बाळ आलं. आता यशाचं प्रमाण किती? पस्तीसला सत्तरने भागा, पन्नास टक्के. चोवीसला सत्तरने भागा, चौतीस टक्के. चोवीसला शंभरने भागा, चोवीस टक्के. तिन्ही गणितं बरोबरच आहेत. जाहिरातीत कुठलं जातं ते सांगायला नको. उपचाराला निघालेल्या जोडप्याला मात्र तिसरंच हवं असतं, कारण ते त्या शंभरांत उभं असतं. सत्तरांत पोचेल की नाही हे अजून ठरायचं असतं.

हा घोळ जुना आहे. २५ जुलै १९७८ रोजी आयव्हीएफने जन्मलेलं जगातलं पहिलं बाळ, इंग्लंडमधली लुईस ब्राऊन, जन्मली आणि जगभरच्या पहिल्या पानांवर झळकली. शास्त्रज्ञ रॉबर्ट एडवर्ड्स, डॉक्टर पॅट्रिक स्टेप्टो आणि प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या जीन पर्डी यांचं ते यश होतंच. एडवर्ड्स यांना त्यासाठी २०१० मध्ये नोबेलही मिळालं. पण त्यांच्या वह्या पुढे इतिहासकारांनी तपासल्या, तेव्हा कळलं की जवळजवळ दहा वर्षांत २८२ स्त्रियांनी या प्रयोगांसाठी स्वतःला पुढे केलं होतं आणि बाळं जन्मली दोन. बाकीच्या जणी कुठल्याही फोटोत नाहीत. मूल होईल याची खात्री नसताना त्या आल्या, पोटात दुर्बीण घालून घेतली आणि रिकाम्या हाताने परत गेल्या. या शास्त्राचा पहिला छेद म्हणजे त्या बायका.

आता त्या ‘नव्या तंत्रां’कडे येते. गर्भाशयाच्या अस्तराला मुद्दाम ओरखडा काढायचा, म्हणजे भ्रूण चांगला रुजतो, असं एक तंत्र बरीच वर्षं जोरात होतं. बारीक प्लास्टिकची नळी आत घालून अस्तर खरवडायचं. पाच-दहा मिनिटांचं काम, पण कळ जीवघेणी, असं करून घेतलेल्या सांगतात. याची सुरुवात २००३ सालच्या एका इस्रायली अभ्यासातून झाली. त्यात एकूण १३४ स्त्रिया होत्या आणि ओरखडा फक्त ४५ जणींना काढला होता. त्यांच्यात बाळंतपणांचं प्रमाण इतरांच्या दुपटीहून जास्त आलं. एवढ्या छोट्या गटात चार-पाच जणी इकडच्या तिकडे झाल्या तरी टक्का उड्या मारतो, हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही कळतं. तरीही उपचार पसरला. अखेर २०१९ मध्ये पाच देशांतल्या १३६४ स्त्रियांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. कोणाला ओरखडा काढायचा आणि कोणाला नाही, हे सोडतीने ठरवलं होतं. जिवंत बाळ जन्मण्याचं प्रमाण ओरखडा काढलेल्यांत २६.१ टक्के आणि न काढलेल्यांतही २६.१ टक्के. दशांशापर्यंत तेच! मधल्या सोळा वर्षांत किती जणींनी ती कळ सोसली, याची नोंद कोणी ठेवली असेल असं वाटत नाही.

असा उपचार इतकी वर्षं टिकतो कसा? माझ्या मते यात लबाडीपेक्षा आशेचा वाटा मोठा आहे. दोन-तीनदा अपयश आलेल्या स्त्रीला पुढच्या वेळी काहीतरी नवं दिलं जातं. त्यांतल्या काहींना त्या खेपेला दिवस राहतात. नवं काहीही दिलं नसतं, तरी काहींना राहिलेच असते. डॉक्टरांना वाटतं, औषध लागू पडलं. रुग्णाला तर वाटणारच. तुलनेला दुसरा गट नसेल तर हा भास कोणालाही होतो, कितीही अनुभव असला तरी.

माझी भाची मागे उपचार केंद्रातून मिळालेला कागद घेऊन माझ्याकडे आली होती. मूळ उपचाराखाली जोड-उपचारांचे चौकोन होते आणि त्यांतल्या बहुतेकांवर आधीच पेन्सिलीने खुणा केलेल्या होत्या. ती म्हणाली, “मावशी, सगळंच करून घेते. उद्या आपल्याकडून काही राहून गेलं असं नको.” या वाक्याला संख्याशास्त्रात उत्तर नाही. मी तिला फक्त एकेका चौकोनापुढे काय माहीत आहे ते लिहून दिलं.

टाइम-लॅप्स, म्हणजे भ्रूणाची सतत छायाचित्रं घेऊन त्यांतला उत्तम निवडणं. ब्रिटन आणि हाँगकाँगमधल्या सात केंद्रांत १५७५ जणींवर घेतलेल्या चाचणीत बाळंतपणांच्या प्रमाणात म्हणावा असा फरक आढळला नाही. हे निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. पीजीटी-ए, म्हणजे भ्रूणाच्या बाहेरच्या थरातल्या मोजक्या पेशी काढून गुणसूत्रं तपासणं. चीनमध्ये, भरपूर चांगले भ्रूण मिळालेल्या १२१२ तरुण स्त्रियांच्या चाचणीत एकूण बाळंतपणांचं प्रमाण तपासणी केलेल्यांत ७७.२ टक्के आणि साध्या पद्धतीने निवड केलेल्यांत ८१.८ टक्के आलं. तपासणी गटात गर्भपात मात्र कमी झाले, आणि एकदा तो अनुभव घेतलेल्या बाईला ही गोष्ट लहान वाटणार नाही. वयाने मोठ्या स्त्रियांना हे आकडे जसेच्या तसे लावता येत नाहीत, हेही मी लिहिलं. तपासणीने भ्रूण सुधारत नाही, आहेत त्यांतून निवड होते. एवढं समजलं की निर्णय ज्याचा त्याने घ्यावा.

भाचीच्या नवऱ्याला जस्त आणि फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या. त्यावर अमेरिकेत २३७० पुरुषांची चाचणी झाली आहे (२०२०). खऱ्या गोळ्यांच्या गटात ३४ टक्के जोडप्यांना बाळ झालं, खोट्या, म्हणजे दिसायला तशाच पण औषध नसलेल्या गोळ्यांच्या गटात ३५. खऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना पोटाच्या तक्रारी तेवढ्या जास्त झाल्या.

सगळंच निष्फळ ठरतं असं नाही. गंमत म्हणजे ज्याची कोणी फारशी जाहिरात करत नाही, त्यातून कधी कधी चांगलं हाती लागतं. गर्भनलिका मोकळ्या आहेत का हे पाहायला आत रंगद्रव्य सोडून एक्स-रे काढतात, ती तपासणी फार जुनी. द्रव्य तेलातलं वापरावं की पाण्यातलं, असा साधा प्रश्न नेदरलँड्समधल्या संशोधकांनी १११९ स्त्रियांवर तपासला आणि २०१७ मध्ये उत्तर दिलं. तेलवाल्या गटात ३८.८ टक्के स्त्रियांना बाळ झालं, पाण्यावाल्या गटात २८.१ टक्के. हे तेल खसखशीच्या तेलापासून बनवतात. थायरॉईडचा त्रास असलेल्यांनी त्यातल्या आयोडीनबद्दल आधी डॉक्टरांना विचारायला हवं, पण या निकालाला आपल्या पुरवणीचं अर्धं पान नक्कीच शोभलं असतं.

ब्रिटनमधली नियामक संस्था अशा जोड-उपचारांना पुराव्यानुसार रंग देते आणि ती यादी सगळ्यांसाठी खुली ठेवते. वर्तमानपत्राने तेवढं करावं अशी अपेक्षा नाही. यशाची बातमी छापताना तीन गोष्टी मात्र छापाव्यात: मोजलं काय (पॉझिटिव्ह तपासणी की जन्मलेलं बाळ), भागलं कशाला, आणि तो उपचार न घेतलेल्या दुसऱ्या गटाचं काय झालं. मूळ शोधनिबंधात हे आकडे बहुधा निकालांच्या पहिल्याच तक्त्यात असतात. गेल्या आठवड्यातल्या लेखाचा मूळ निबंध आपल्या प्रतिनिधीकडे असेल, तर तो तक्ता येत्या पुरवणीत छापावा, ही विनंती.

आपली वाचक,
एक निवृत्त संख्याशास्त्र प्राध्यापिका